खडकी आणि पाचवे चाक

पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघालेला प्रत्येक जण खडकीवरून जातो. खडकीत थांबतो असा मात्र विरळा. डावीउजवीकडे लष्कराच्या लांबच लांब भिंती, जुनी झाडे, मध्येच आगगाडीचा आवाज आणि अलीकडे मेट्रोचे खांब, एवढेच बहुतेकांना आठवते. मीही व्यापाराच्या निमित्ताने तीस वर्षे या रस्त्याने ये-जा केली. पण खडकीचे दर्शन घडले ते गेल्या मार्गशीर्षात, आणि तेही एका टायरच्या कृपेने. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. तिच्यात थोडा इतिहास आहे, थोडी यंत्रविद्या आहे आणि माझी एक चूक आहे. चूक लपवून हकीकत सांगितली तर तिला अर्थच उरणार नाही.

आम्ही निघालो होतो पाल्याच्या लेण्याला. मावळात कामशेतपासून आत गेल्यावर पाले नावाचे गाव लागते. तेथील डोंगरातल्या एका साध्या गुहेत ब्राह्मी लिपीतला छोटा शिलालेख आहे. प्रा. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. पुढे इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे लेणे आणि पाण्याची पोढी करवून घेतली, एवढाच मजकूर. काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक मानली जाते. आईचे वय ७८. 'नवकार जिथे दगडावर कोरला आहे ते एकदा डोळ्यांनी पाहायचे,' असा तिचा कित्येक दिवसांचा आग्रह होता. गुहेपर्यंत तिला चढवता आले नाही. तिने पायथ्याशी बसूनच हात जोडले. मी वर जाऊन आलो आणि अक्षरे कशी आहेत ते तिला सांगितले. ती समाधानी होती.

परतताना गावरस्ता संपायच्या आत मागच्या डाव्या चाकाखाली धारदार दगड आला आणि टायरची बाजू चिरली. असला टायर पंक्चरवाल्याकडेही दुरुस्त होत नाही. मी डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला आणि वीस मिनिटांत चाक बदलून हात झटकले. माझी गाडी जुनी, दणकट, मागच्या चाकांवर चालणारी. मालाची ने-आण आणि कच्चे रस्ते लक्षात घेऊन घेतलेली, म्हणून तिच्या मागच्या आसात लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल नावाची सोय आहे. गाडी घेताना तिचे वर्णन ऐकून मी मान डोलावली होती; पुढे तिचा विचार कधी केला नाही.

निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. आईचा चौविहार असतो. मार्गशीर्षात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो; त्याआधी घरी पोहोचून तिचे जेवण व्हायचे असा हिशेब होता. वडगाव, तळेगाव, देहूरोड मागे पडले. चिंचवडच्या एका वळणावर मागून कुरकुर ऐकू आली. पिंपरीच्या चौकात गाडी वळताना धक्के देत असल्यासारखी वाटली. दापोडीहून हॅरिस पुलावर चढलो, खाली मुळा नदी, आणि काचा बंद असूनही जळक्या तेलाचा उग्र वास आत आला. बोपोडी ओलांडून खडकीत शिरलो आणि पहिले गॅरेज दिसले तिथे गाडी उभी केली. पावणेपाच झाले होते.

गॅरेजचे मालक साठी उलटलेले होते. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे काढून निवृत्तीनंतर त्यांनी ही जागा थाटली होती. आईला त्यांनी आधी खुर्ची दिली, मग गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडले नाही, इंजिनही सुरू करायला सांगितले नाही. मागे वाकून दोन्ही टायरांवरचे आकडे वाचले आणि आसाच्या मधल्या गोळ्याजवळ हात नेऊन लगेच मागे घेतला.

"शेठ, डाव्या चाकाला २१५ चा टायर आहे, उजव्याला २३५ चा."

"ती स्टेपनी आहे. रिम तीच आहे, बसते बरोबर."

"बसते हो. पण चालते का ते बघा ना."

मग त्यांनी खडूने फरशीवर आकृती काढून मला जे समजावले, ते वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा गाड्या आहेत.

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला लांबची वाट आणि आतल्याला जवळची. प्रत्येक जण आपापल्या गतीने फिरते, कुणाची तक्रार नसते. मोटारीत मात्र इंजिनची शक्ती दोन्ही चाकांना पोहोचवायची असते. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळताना एक चाक घासत ओढले जाईल. म्हणून मध्ये दात्यांची अशी रचना ठेवतात की शक्ती दोघांना मिळावी, पण फिरण्याचे स्वातंत्र्यही राहावे. हेच डिफरेन्शियल. पेक्यूर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले.

या रचनेत एक उणीव आहे. एक चाक चिखलात गेले की ते जागच्या जागी भिरभिरते आणि कोरड्यावरचे दुसरे चाक हताश उभे राहते. कारण साधे डिफरेन्शियल दोघांना सारखाच जोर देते, आणि चिखलातल्या चाकाला जेवढा कमी जोर पुरतो तेवढाच कोरड्यावरच्यालाही मिळतो. यावर उपाय म्हणून दात्यांच्या बाजूला घर्षणाच्या प्लेटा बसवतात. दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडू लागला की या प्लेटा त्याला विरोध करतात आणि काही जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात. १९३५ च्या सुमारास जर्मनीत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी अशी रचना करण्यात आली. तीच पुढे जीप आणि मालाच्या गाड्यांत आली.

"आता बघा," ते म्हणाले, "वळण आलं की प्लेटा थोड्या घासतात, वळण संपलं की गप्प बसतात. त्यांना तेवढंच काम. तुमचं डावं चाक लहान आहे. सरळ रस्त्यावरसुद्धा ते उजव्यापेक्षा जास्त फिरणार. प्लेटांना रस्ता दिसत नाही, शेठ. त्यांना वाटतं, गाडी वळतेच आहे. तुम्ही सरळ आलात, पण ह्या गोळ्यासाठी तुम्ही कामशेतपासून वळतच आलात."

मी नंतर घरी बसून आकडेमोड केली. १५ इंची रिमवर २३५/७५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, २१५/७५ चा सुमारे ७०३. फरक जेमतेम तीन सेंटिमीटर. पण दर किलोमीटरला लहान चाक १८ फेरे अधिक घेते. कामशेत ते खडकी सुमारे ४० किलोमीटर धरले, तर सातशेहून अधिक जादा फेरे. दोन चाकांतले अंतर १.४ मीटर धरून पाहिले, तर सुमारे ३४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गाडीने जवळजवळ १९० प्रदक्षिणा घालाव्यात, एवढा भार त्या प्लेटांवर पडला. तेल तापले, प्लेटा घासल्या, आणि तोच वास पुलावर आमच्या नाकाला आला.

त्यांनी ऑइलचा नट सैल करून थोडे तेल बोटावर घेतले. ते काळेभोर होते आणि त्यात बारीक चमक होती.

"हे एका दिवसाचं काम नाही," ते म्हणाले. "चाळीस किलोमीटरनं तेल तापेल, वास येईल, धातूची एवढी पूड पडणार नाही. हे चाक याआधी कधी मागं चढवलं होतं?"

आई समोरच बसली होती. क्षणभर मनात आले, 'नाही' म्हणावे. मग खरे ते सांगितले. दोन वर्षांपूर्वी गाडीचे टायर बदलले, तेव्हा थोडे रुंद घेतले. दुकानदार पाच घ्या म्हणत होता. मी चार घेतले. पाचवे चाक डिकीतच राहणार, त्यावर कशाला पैसे घालायचे, असा विचार केला आणि जुना टायर स्टेपनीला तसाच ठेवला. गेल्या महिन्यात एक चाक दुरुस्तीला गेले, तेव्हा तीच स्टेपनी मागे लावून आठ दिवस बारामती, दौंड, फलटण अशा वसुलीच्या फेऱ्या केल्या. गाडी कुरकुरत होती. मी रेडिओचा आवाज वाढवला होता.

मालकांनी मला बोल लावला नाही. "आज गाडी इथंच ठेवा. गोळा खोलावा लागेल. रात्रभर थंड होऊ दे," एवढेच म्हणाले. पुढे त्यांनी आईकडे पाहून विचारले, "आजी, चहा सांगू?"

"चहा नको बाबा," आई म्हणाली, "किती वाजले तेवढं सांग."

सव्वापाच वाजले होते. रिक्षाने सातारा रस्त्यावरच्या घरी सूर्यास्तापूर्वी पोहोचणे त्या वेळच्या गर्दीत अशक्यच. आई शांतपणे म्हणाली, "आज उपवास धरू." पण सकाळपासून तिच्या पोटात दोन खाकरे आणि थोडे दूध एवढेच होते. तेव्हा मला खडकी बाजारातील एका धान्याच्या व्यापाऱ्यांची आठवण झाली. आमचा संबंध हुंडी-चिठ्ठीपुरता, वर्षातून दोनदा फोनवर बोलण्याइतकाच. संकोचाने फोन केला. पलीकडून एकच प्रश्न आला, "मासाहेबांना चालवत आणणार का, की मी गाडी पाठवू?"

खडकीचा बाजार हा छावणीचा बाजार. सैन्य आले, त्यामागे किराणा, कापड, शिवणकाम, चामडे, सायकली यांचे व्यापारी आले. आजही तिथे मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू, मारवाडी सारे कानावर पडते. त्या गल्लीतल्या एका दुकानाच्या माडीवर सूर्य मावळायला पंचवीस मिनिटे असताना आईच्या पुढे ताट आले: मुगाची खिचडी, कढी, फुलके आणि पापड. घरातील सूनबाई स्वतः उभ्या राहून वाढत होत्या. आईने जेवण आटोपले, पाणी प्याली, हात जोडून पच्चक्खाण घेतले; त्यानंतर खिडकीबाहेरचे ऊन भिंतीवरून उतरले. 'साधर्मिक वात्सल्य' हा शब्द मी व्याख्यानांत शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचा अर्थ त्या माडीवर कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीसाठी पुन्हा खडकीत आलो. काम दुपारपर्यंत चालणार होते, म्हणून पायीच निघालो.

खडकीच्या नावातच खडक आहे. मलिक अंबरने वसवलेले मराठवाड्यातील खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ते वेगळे. पुण्याच्या या खडकीला इंग्रजांनी 'किर्की' केले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आणि गणेशखिंडीच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची पलटण यांची गाठ पडली. पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते, सेनापती होते बापू गोखले. मराठ्यांचे घोडदळ दौडत निघाले. पण मध्ये दलदलीची जागा होती आणि तिची कल्पना कुणालाच नव्हती. घोडे त्यात फसले, एकमेकांवर कोसळले, आणि चढाईचा जोर तिथेच ओसरला. शक्ती असून पाय टेकायला जमीन मिळाली नाही. आदल्या दिवशी चिखलातल्या चाकाचे शास्त्र ऐकून आलेल्या मला ती जागा वेगळीच दिसली.

लढाईनंतर येथे छावणी वाढली. १४ जून १८५८ ला खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली आणि ती खडकीवरून गेली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो आजही चालतो. बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियंता दलाचे केंद्र येथेच आहे. चिलखती वाहनांचे मध्यवर्ती कोठार येथे आहे आणि रणगाड्यांची दुरुस्ती करणारे लष्कराचे मोठे वर्कशॉपही येथेच. गॅरेजमालकांचे हात ज्या शिस्तीत तयार झाले, ती शिस्त या भिंतींआडची. त्यांनीच सांगितले, "तिथं एक नट कमी निघाला तरी गाडी बाहेर जात नाही. 'चालेल' हा शब्द तिथं चालत नाही."

अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना दारूगोळ्याच्या गावात काय पाहायचे, असे वाटेल. मी दोन जागा सांगतो. पहिली खडकीची युद्धस्मशानभूमी. दुसऱ्या महायुद्धात प्राण गेलेल्या राष्ट्रकुलातील १,६६८ सैनिकांच्या समाध्या येथे एका ओळीत, एका मापाच्या दगडांत आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, दगडाची उंची तीच. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे आहेत. वये वाचत गेलो: २१, १९, २४. हिरवळ इतकी नीट राखलेली की चप्पल वाजवायचाही संकोच वाटतो. हिंसेचा शेवट कुठे होतो हे प्रवचनाशिवाय समजावणारी अशी जागा पुण्यात दुसरी मला ठाऊक नाही. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

दुसरी जागा म्हणजे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र. अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी तांत्रिक संस्थाही आता खडकीतच आहे. केंद्राच्या बाहेरच्या रस्त्यावर एक जवान चाकाच्या खुर्चीतून जात होता. वळणावर त्याने एक हात थांबवला, दुसऱ्याने चाक पुढे लोटले आणि खुर्ची अलगद वळली. दोन चाकांना वेगवेगळी गती देण्याचे काम तिथे कोणताही दातेरी गोळा करत नव्हता. ते त्या माणसाचे दोन हात करत होते.

दुपारी गॅरेजवर परतलो. प्लेटांचा जुडगा कागदावर मांडून ठेवला होता. काही प्लेटा निळसर काळ्या पडल्या होत्या. नव्या प्लेटा आणि त्यांच्यासाठी लागणारे खास ऑइल, कारण या गोळ्यात साधे गिअर ऑइल चालत नाही, आणि मजुरी असा सारा खर्च त्या न घेतलेल्या पाचव्या टायरच्या तिप्पट झाला. मी पैसे दिले आणि त्याच दिवशी २३५ मापाचे दोन टायर घेतले: एक चिरलेल्याच्या जागी, एक स्टेपनीसाठी.

निघण्यापूर्वी विचारले, "काल रानात मी काय करायला हवं होतं?" त्यांचे उत्तर जसेच्या तसे उपयोगाचे आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर गेला आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असेल, तर पुढचे एक चांगले चाक काढून मागे लावावे आणि स्टेपनी पुढे चढवावी. दोनदा जॅक लावावा लागतो, वीस मिनिटे जास्त जातात, पण मागची जोडी सारखी राहते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत याच्या उलट, स्टेपनी मागे. चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत मात्र पाचही टायर एका मापाचे हवेत. आणि तसा नाइलाज झाला, तर कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर घालू नये. बेजोड स्टेपनीवर वेग कमी ठेवून जवळच्या टायरच्या दुकानापर्यंतच जावे. माप एकच असले तरी एक टायर कोरा आणि एक गुळगुळीत अशी जोडी मागे लावू नये. झिजेनेही सेंटिमीटरभर व्यासाचा फरक पडतो. टायरच्या बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वर्षातून एकदा स्टेपनीचा आकडाही पाहावा आणि तिच्यात हवा भरून घ्यावी.

'स्टेपनी' हा शब्दही प्रवासीच आहे. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक बनवायला घेतले. त्याकाळी मोटारीबरोबर पाचवे चाक येतच नसे. रस्त्याचेच नाव त्या चाकाला मिळाले, आणि ते नाव आपल्याकडे अजून टिकून आहे.

घरी आल्यावर सारा खर्च आईला सांगितला. तिने रकमेबद्दल काही विचारले नाही. म्हणाली, "तुझे आजोबा दरवर्षी दुकानातली मापं शिक्का मारून आणायचे. तागडीला पासंग लागला तर त्या दिवशी विक्री बंद ठेवायचे. कमी-जास्त माप ठेवणं हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, असं तेच आम्हांला सांगायचे. तू गिऱ्हाइकाच्या मापाला जपतोस. पण चाकाशी दोन मापं ठेवलीस, आणि आवाज आला तेव्हा रेडिओ मोठा केलास."

मी काही बोललो नाही. संध्याकाळी खडकीच्या त्या व्यापाऱ्यांना फोन करून आभार मानू लागलो, तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी टायर फुटायची वाट बघू नका. मासाहेबांना घेऊन सरळ या." चैत्रात आम्ही जाणार आहोत. आईला या वेळी युद्धस्मशानभूमीही पाहायची आहे.